दिवाणखान्यांतील जहाजी कंदील

(नभोवाणीवरील भाषण)

हल्लीं एखाद्या सुखवस्तु गृहस्थाच्या घरीं जावें, तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत किंवा जिन्याच्या वळणावर एक जाडजूड पितळी कंदील टांगलेला आढळतो. त्याला वर भक्कम कडी असते, पुढें वळ्यावळ्यांची जाड कांच असते आणि अंगावर इंग्रजी अक्षरांची एक पट्टी असते. पाहुण्यानें विचारलें, तर यजमान अभिमानानें सांगतात, "जुन्या आगबोटीवरचा आहे, अस्सल." पाहुणा मान डोलवितो, दोघेहि चहाकडे वळतात आणि कंदिलाची कथा तेथेंच संपते. ती तेथें संपूं नये, एवढ्यासाठीं आजचें हें भाषण आहे. असा कंदील घरांत आणणारा मनुष्य नुसतें पितळ आणीत नाहीं. तो एक बोलणारी वस्तु घरांत आणतो. तिची भाषा न कळल्यामुळें काय होतें, हें मीं स्वतः अनुभविलें आहे, आणि तो अनुभव मी शेवटीं सांगणार आहें.

प्रथम एक साधा भेद ध्यानांत घेऊं. घरांतला दिवा आपण कशासाठीं लावतों? आपल्याला दिसावें म्हणून. पोथी वाचावयाची असते, पानांत वाढलेलें पाहावयाचें असतें, अंधारांत पाय कशावर पडेल याची शंका असते, म्हणून दिवा. जहाजाच्या बाहेरच्या अंगाला लावलेला दिवा याच्या अगदीं उलट कामाचा. भर समुद्रांत रात्रीं उजेड पाडून पाहावयाचें तरी काय? तेथें ना रस्ता, ना भिंत, ना उंबरठा. उलट सुकाणूवरच्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड आला, तर त्याला समोरचा अंधारहि नीट न्याहाळतां येत नाहीं. हा दिवा लावतात तो आपण इतरांना दिसावें म्हणून. देशावरच्या जुन्या मंडळींना बैलगाडीखालीं हेलकावे खाणारा कंदील आठवत असेल. गाडीवानाला त्याच्या उजेडांत वाट फारशी दिसत नसे. बैल आपल्या सवयीनें चालत. पण मागून-पुढून येणाऱ्याला समजे, कीं येथें गाडी आहे. जहाजी कंदील हा त्या गाडीखालच्या कंदिलाचा थोरला भाऊ होय.

कंदील हा शब्दहि मोठा प्रवासी आहे. लॅटिन भाषेंत मेणबत्तीला 'कँडेला' म्हणत. तो शब्द अरबी व फारसी भाषांच्या मुलुखांतून हिंडत हिंडत आपल्याकडे आला आणि कंदील होऊन ओटीवर टांगला गेला. शिडांच्या जहाजांच्या काळीं यूरोपीय आरमारांत मोठाले कंदील जहाजाच्या पिछाडीवर असत. रात्रीं सेनापतीच्या जहाजाचा कंदील पाहून बाकीच्या ताफ्यानें त्याच्या मागें जावयाचें, हा त्यांचा एक मुख्य उपयोग. इंग्लंडच्या आरमारांतील १६३७ सालीं बांधलेल्या 'सॉव्हरिन' या जहाजाचा कंदील इतका प्रचंड होता, कीं सॅम्युअल पेपीस या आरमारी अधिकाऱ्यानें १६६१ च्या जानेवारींत, आपण व आपल्याबरोबरच्या स्त्रिया असे सगळे मिळून त्या कंदिलाच्या पोटांत शिरल्याचें रोजनिशींत नोंदविलें आहे. म्हणजे त्या काळचा कंदील ही एक लहानशी खोलीच होती. परंतु त्या दिव्यानें एवढेंच कळे, कीं येथें जहाज आहे. तें कोणीकडे तोंड करून चाललें आहे, हें त्यावरून समजत नसे.

शिडाच्या जहाजाच्या बाबतींत हें चालून जात होतें. तें वाऱ्याच्या आधीन. वारा कोठून आहे हें सर्वांना ठाऊक, त्यामुळें तें कोणीकडे जाऊं शकेल याचा थोडाफार अंदाज बांधतां येई. एकोणिसाव्या शतकांत वाफेचीं जहाजें आलीं आणि हा अंदाज संपला. आगबोट वाऱ्याला जुमानीत नाहीं. ती वाटेल त्या दिशेनें आणि वेगानें येते. रात्रींच्या टकरींचें भय वाढलें, तेव्हां इंग्लंडमध्यें १८४८ सालीं आरमारखात्यानें आगबोटींसाठीं नियम केला: डाव्या बाजूला तांबडा दिवा, उजव्या बाजूला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा. १८५८ सालीं बाजूचे रंगीत दिवे शिडांच्या जहाजांनाहि लागू झाले. १८६३ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं मिळून ठरविलेले नियम लौकरच इतर अनेक दर्यावर्दी राष्ट्रांनीं स्वीकारले. १८८९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेंत त्यांची पुन्हां छाननी झाली. आज जगभर जे नियम चालू आहेत ते १९७२ सालीं ठरले व १९७७ च्या जुलैपासून अंमलांत आले. इतकीं परिवर्तनें झालीं, पण डावा तांबडा व उजवा हिरवा ही मूळची खूण कोणीं बदलली नाहीं. ती लक्षांत ठेवावयाची असेल, तर मुलांना एक युक्ति सांगावी: डावा तो डाळिंबी. डाळिंबाचा रंग तांबडा. मग उरला तो उजवा, आणि तो हिरवा.

या दिव्यांत एक सुंदर गणित आहे. जुन्या होकायंत्राच्या वर्तुळाचे ३२ भाग पाडीत. प्रत्येक भाग ११¼ अंशांचा. बाजूचा प्रत्येक दिवा अगदीं समोरच्या रेषेपासून आपल्या बाजूला वळत थोडा मागेंपर्यंत असा १० भागांत दिसला पाहिजे, म्हणजे ११२½ अंशांत. डोलकाठीवरचा पांढरा दिवा दोन्ही बाजूंचे मिळून २० भागांत दिसावा, म्हणजे २२५ अंशांत. मागें उरले १२ भाग, म्हणजे १३५ अंश. तेवढ्यांत पिछाडीचा पांढरा दिवा दिसावा. दहा, दहा आणि बारा मिळून बत्तीस. वर्तुळ पूर्ण झालें. कोठें फट नाहीं. समुद्रावर तुम्ही कोठेंहि असा, समोरच्या जहाजाचा कोणता ना कोणता दिवा तुम्हांला दिसणारच. आणि कोणता दिसतो यावरून त्याचें तोंड कोणीकडे आहे हें कळणारच.

समजा, रात्रीं तुम्ही एका बोटीच्या नाळेवर उभे आहां. समोर नुसता तांबडा दिसला, तर त्या जहाजाची डावी कूस तुमच्याकडे आहे. म्हणजे तें तुमच्या डावीकडे चाललें आहे. नुसता हिरवा दिसला, तर तें उजवीकडे चाललें आहे. दोन्ही रंग एकदम दिसले, तर तें थेट तुमच्या अंगावर येत आहे. यंत्रावर चालणाऱ्या दोन बोटी अशा समोरासमोर आल्या, तर दोघींनीं आपापल्या उजवीकडे वळावें आणि एकमेकींना डावी कूस दाखवून निघून जावें, असा नियम आहे. दोघींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते, तिनें वाट द्यावी. यांतली खुबी पाहा. अशा वेळीं उजव्या हाताकडून आडव्या येणाऱ्या बोटीचा जो रंगीत दिवा आपल्याला दिसतो, तो तांबडाच असतो. रंगच सांगतो, कीं तूं थांब. दोन अनोळखी माणसें, त्यांच्या भाषा वेगळ्या, मध्यें मैलभर काळोख आणि पाणी. तरी एकमेकांशीं चार शब्द बोलून सुखरूप निघून जातात. तें बोलणें या कंदिलांनीं केलेलें असतें.

आतां कंदिलाची घडण पाहूं. त्याची पुढची कांच वळ्यावळ्यांची कां असते? शोभेसाठीं नव्हे. फ्रान्समधील ऑगुस्तीन फ्रेनेल या शास्त्रज्ञानें १८२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दीपगृहांसाठीं अशा कड्याकड्यांच्या भिंगाची योजना केली. जाड भिंगाचें सगळें वजन न वाहतां त्याचें काम साधावें, ही त्यांतली कल्पना. ज्योत चोहोंकडे, वर आकाशांत व खालीं पाण्यांत, उजेड उधळीत असते. हें भिंग तो सारा उजेड गोळा करून क्षितिजाच्या पट्ट्यांत आडवा फेंकतें. त्यामुळें तेलाच्या साध्या वातीचा दिवा सुद्धां दूरवर जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नियमांप्रमाणें डोलकाठीचा दिवा निदान ५ समुद्री मैल आणि बाजूचे दिवे निदान २ समुद्री मैल दिसावे लागत. पांच समुद्री मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. वात रॉकेलची, आणि दृष्टीची मजल एवढी!

कंदील पितळेचा किंवा तांब्याचा असतो, याचेंहि कारण आहे. खाऱ्या हवेंत लोखंड लौकर गंजतें. शिवाय होकायंत्राजवळ लोखंड आलें, कीं त्याची सुई चळते; म्हणून त्याच्या जवळचे दिवे पितळेचे करीत. स्वस्ताईच्या कंदिलांना लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा असे, तेहि अस्सलच. डोक्यावरचें धुराडें दुहेरी झांकणाचें असतें. धूर बाहेर जावा, पण वारा आंत शिरून ज्योत विझूं नये. बाजूच्या दिव्यांना जहाजावर आंतल्या अंगानें आडोशाची फळी असे. ती जुन्या नियमानें दिव्याच्या पुढें निदान तीन फूट यावी लागे. हेतु हा, कीं डाव्या बाजूचा तांबडा उजेड नाळेवरून पलीकडे जाऊन उजवीकडच्या माणसाला फसवूं नये. एका दिव्यानें दुसऱ्याचें खोटें बोलूं नये, याची एवढी काळजी.

पुष्कळांना एक शंका येते. 'उजव्या बाजूचा' म्हणून घेतलेल्या जुन्या कंदिलाची कांच घरीं आणून पाहावी, तर ती हिरवी नसून निळसर दिसते. दुकानदारानें फसविलें असें वाटतें. बहुधा फसविलेलें नसतें. तेलाची ज्योत पिवळी असते. तींत निळा अंश थोडा. त्या पिवळ्या उजेडापुढें निळसर हिरवी कांच धरली, म्हणजे दुरून स्वच्छ हिरवा रंग दिसतो. कारागिरानें कांचेचा रंग एकटा ठरविलेला नाहीं. ज्योत आणि कांच यांची जोडी ठरविली आहे. म्हणून अशा कंदिलांत हल्लींचा पांढरा शुभ्र एल्.ई.डी. दिवा बसवूं नये. पिवळसर उजेडाचा, बाजारांत ज्यावर २७०० केल्व्हिन असा आंकडा असतो, तो दिवा घ्यावा. मग कांच पुन्हां आपला खरा रंग दाखवूं लागते.

विजेचे दिवे जहाजावर आले तेव्हां या कंदिलांचें राज्य संपलें, असें मात्र नव्हे. १८८० सालीं 'कोलंबिया' नांवाच्या अमेरिकन आगबोटीवर एडिसनचे विजेचे दिवे बसविले गेले. पण वीज बंद पडली तर काय, म्हणून तेलाचे कंदील राखीव ठेवण्याचा प्रघात पुढें पुष्कळ वर्षें राहिला. त्यामुळें विसाव्या शतकांत बांधलेल्या जहाजांवरूनहि ते उतरले.

ते उतरतात कोठें? आपल्या देशापुरतें बोलावयाचें, तर मुख्यतः गुजरातेंत, भावनगर जिल्ह्यांतील अलंग येथें. खंभातच्या आखातांत भरती-ओहोटीचें अंतर फार मोठें. भरतीच्या पाण्यावर म्हातारें जहाज सरळ किनाऱ्यावर चढवितात. ओहोटी लागली कीं तें कोरड्यांत उभें राहतें आणि माणसें त्याचे तुकडे करूं लागतात. हा उद्योग तेथें १९८३ सालीं सुरू झाला. अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जहाजांतील खुर्च्या, कपबशा, दोर, घड्याळें आणि कंदील यांचीं दुकानें आहेत. मुंबईंत दारूखान्यालाहि जहाजें मोडलीं गेलीं आहेत. आणि चोरबाजारांतील मटन स्ट्रीटवर असे कंदील पूर्वींपासून मिळत आले आहेत. जहाज मोडण्याचें काम जिवावरचें आहे. वरून पडणारें लोखंड, टाक्यांत सांचलेले वायु, जुन्या भिंतींतील ॲस्बेस्टॉस, यांनीं मजुरांचे प्राण घेतले आहेत. भारतानें २०१९ सालीं या कामासाठीं स्वतंत्र कायदा केला आणि हाँगकाँग येथें २००९ सालीं झालेला आंतरराष्ट्रीय करार २०२५ च्या जूनमध्यें अंमलांत आला. आपल्या घरांतला कंदील ज्या हातांनीं उतरविला, ते हात सुरक्षित आहेत कीं नाहींत, हें कंदिलाचा भाव करतांना एकदां तरी मनांत यावें.

अस्सल कसा ओळखावा, हा प्रश्न मला नेहमीं विचारतात. कारण नव्या कंदिलांचा मोठा धंदा आहे. मुरादाबादसारख्या पितळेच्या कामाच्या गांवीं ते सुबक घडविले जातात. नवा कंदील नवा म्हणून घेण्यांत कांहींच वाईट नाहीं. नवा जुन्याच्या भावानें घेऊं नये, एवढेंच. पहिली खूण वजनाची. खरा कंदील हातांत घेतांच खांदा सांगतो. घडणीप्रमाणें चार-पांच किलोंपासून दहा-बारा किलोंपर्यंत तो भरतो. दुसरी खूण पट्टीची. तिच्यावर 'पोर्ट', 'स्टारबोर्ड', 'मास्टहेड', 'स्टर्न' किंवा 'अँकर' असें त्याचें काम लिहिलेलें असतें, आणि ग्लासगो, बर्मिंगहॅम, रॉटरडॅम किंवा जपानांतील एखाद्या गांवच्या कारखानदाराचें नांव असतें. पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी. 'अँकर' हा नांगर टाकलेल्या जहाजाचा. तो पांढरा असून चोहोंकडून दिसतो. पट्टीवर 'नॉट अंडर कमांड' असें असेल, तर तो तांबडा दिवा जोडीनें, एकाखालीं एक, टांगावयाचा: जहाज आमच्या ताब्यांत राहिलेलें नाहीं, तुम्हीच दूर राहा, असा त्याचा अर्थ. तिसरी खूण झिजेची. कडी जेथें आंकड्यांत अडकते तेथें ती घासलेली असावी. धुराड्याच्या आंत जळल्याची काळोखी असावी. पाठीवर, जहाजाच्या कोंदणांत सरकविण्यासाठीं केलेल्या खांचा असाव्यात. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ति सांगतात, ती अर्धीच खरी. पितळेचा नुसता मुलामा असेल तर चुंबक चिकटतो आणि लबाडी उघडी पडते. पण जस्ताच्या मुलाम्याचा अस्सल कंदीलहि चुंबकाला चिकटतोच. आणि ज्या पट्टीवर केवळ सन मोठ्या अक्षरांत कोरलेला आहे, काम मात्र लिहिलेलें नाहीं, तिच्याकडे संशयानें पाहावें. कंदिलाला आपलें वय सांगण्याचें कारण नव्हतें. आपलें काम सांगण्याचें होतें.

घरीं आणल्यावर घाई करूं नये. जहाजावरच्या कंदिलाला बहुधा रंगाचे थरावर थर असतात, आणि जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. तो रंग कोरडाच खरवडून त्याची पूड घरांत उडवूं नये. मुलांच्या दृष्टीनें तें फार वाईट. माहितगार कारागिराकडून तो बाहेर काढवून घ्यावा. पुढें पितळ उजळण्यासाठीं आपली चिंच पुरे आहे. मात्र नंतर स्वच्छ पाण्यानें धुऊन तें खडखडीत कोरडें करावें, नाहीं तर हिरवा कळंक चढतो. यंत्राच्या चाकावर घासून आरशासारखें चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्या घासण्यांत पट्टीवरचीं अक्षरें जातात, आणि अक्षरें गेलीं कीं कंदील मुका होतो.

तो विजेचा असेल, तर आंतील जुन्या तारा, खोबणी व कापडासारखे पदर सगळे काढून टाकावेत. त्यांतहि ॲस्बेस्टॉस असूं शकतो, म्हणून तें काम घरीं करूं नये. नव्या तारा घालतांना तीन तारांची जोडणी करावी आणि धातूच्या अंगाला जमिनीची तार, जिला आपण अर्थिंग म्हणतों, ती अवश्य जोडावी. पितळेचा सगळा देह विजेचा वाहक आहे हें विसरून चालत नाहीं. पांच वॉटचा एल्.ई.डी. दिवा पुरतो व तो तापत नाहीं. तेलाचा कंदील तेलानेंच पेटवून पाहण्याची हौस असेल, तर ती मोकळ्या अंगणांत भागवावी. बंद खोलींत रात्रभर रॉकेल जाळणें जिवाशीं खेळ आहे. आणि टांगावयाचा आंकडा सिमेंटच्या पक्क्या छतांत किंवा तुळईंत असावा. शोभेच्या खोट्या छताला दहा किलोंचा भार देऊं नये.

आतां जागा कोणती? येथें मूळचा भेद उपयोगी पडतो. हा दिवा पाहण्यासाठीं नव्हे, दिसण्यासाठीं आहे. खुर्चीच्या डोक्यावर टांगून त्याखालीं वाचावयास बसाल, तर पुस्तकावर अंधार आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा पट्टा, असें होईल. भिंगाचा धर्मच तो. म्हणून त्याला डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित् वर, बोळाच्या टोकाला, जिन्याच्या वळणावर, असा ठेवावा, कीं दुरून येणाऱ्याला तो दिसावा. तांबडा व हिरवा अशी जोडी असेल आणि ती दाराच्या दोन अंगांना लावावयाची असेल, तर कोणता कोणीकडे हा वाद घरोघर होतो. घर हें जहाज समजा व पुढचें दार ही त्याची नाळ. घरांत उभें राहून बाहेर तोंड करा. तुमच्या डाव्या हाताला तांबडा, उजव्या हाताला हिरवा. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला ते उलट दिसतील, आणि तसेच दिसले पाहिजेत.

शेवटीं माझा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं चोरबाजारांतून उजव्या बाजूचा एक कंदील घेतला. अस्सल होता, पट्टी होती, कडी झिजलेली होती. त्याच दिवाळींत आम्ही कोंकणांत एका आप्तांकडे गेलों. त्यांचें घर खाडीच्या मुखाशीं, पडवी समुद्राच्या तोंडाला. सर्वांना मौज वाटावी म्हणून मीं कंदील बरोबर नेला आणि पडवीच्या तुळईला, भिंग समुद्राकडे करून, टांगला. आंत विजेचा दिवा लावला. मुलें टाळ्या पिटूं लागलीं. आकाशकंदिलाशेजारीं तो हिरवा दिवा रात्रभर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक वृद्ध तांडेल अंगणांत आला. तो ओटीवर चढला नाहीं. खालूनच म्हणाला, "गुरुजी, तेवढा हिरवा दिवा समुद्राकडून काढा." मीं विचारलें, "कां हो, तांडेल?" त्यानें शांतपणें सांगितलें. पहाटे तो मासेमारीहून परत येत होता. खाडीच्या मुखाशीं त्याला एकटा हिरवा दिवा दिसला. वर पांढरा नाहीं, म्हणजे शिडाची होडी असावी. हिरवा दिसतो, म्हणजे ती उजवीकडे निघाली आहे, असें त्यानें ताडलें. तिला वाट द्यावी म्हणून त्यानें सुकाणू वळविलें, आणि बोटीचा तळ वाळूच्या दांड्याला घासला. ओहोटी अजून पुरती झाली नव्हती म्हणून बोट निघाली. "बोटींत माझा नातूहि होता," एवढें बोलून तो थांबला. पुढें म्हणाला, "आकाशकंदील आम्हांला कळतो, गुरुजी. तो लुकलुकतो, हलतो. हा दिवा मात्र बोटीचा बोलला."

मला काय बोलावें तें सुचेना. चाळीस वर्षें मुलांना शिकविणाऱ्या माणसाला त्या सकाळीं धडा मिळाला. जहाजांवर सुद्धां नियम आहे, कीं सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत या ठरलेल्या दिव्यांशिवाय, ज्यांनीं यांचा भास होईल असे दुसरे दिवे दाखवूं नयेत. मीं तर हाच दिवा, याच भिंगाचा, याच रंगाचा, खाडीच्या तोंडावर पेटवून ठेवला होता आणि त्याला शोभेची वस्तु म्हणत होतों. कंदिलाला आपण दिवाणखान्यांत आलों आहों हें ठाऊक नसतें. त्याला पेटविलें, कीं तो आपलें जुनें वाक्य बोलतो. ऐकणारा त्यावर विश्वास ठेवतो, कारण ठेवल्यावांचून त्याचा निभाव नाहीं. मीं तांडेलासमोरच कंदील उतरविला. तेव्हां तो ओटीवर आला, त्यानें चहा घेतला, आणि भिंगावरून हात फिरवून म्हणाला, "कांच चांगली आहे."

म्हणून समुद्राकाठीं, खाडीकाठीं किंवा जेथून होड्या जातात अशा पाण्याकाठीं ज्यांचीं घरें आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंति आहे: तांबडा-हिरवा जहाजी कंदील पाण्याकडे तोंड करून कधीं लावूं नका. खिडकींतहि नको. तो आंतल्या बाजूला असूं द्या.

माझा तो कंदील आतां शहरांतील माझ्या घरीं जिन्याच्या वळणावर आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझा नातू त्याच्यासमोर उभें करतो आणि परीक्षा घेतो, "सांगा, जहाज कोणीकडे चाललें?" पाहुणे गोंधळतात. मग तोच उत्तर सांगतो: हिरवा दिसतो, म्हणजे आपल्या उजवीकडे. आणि जिना तेथें उजवीकडेच वळतो.